थेट विक्री

बेबीनंदा धांडे दर मंगळवारी येते.
दर्यापूरच्या स्टँडमागं आमची शाखा, शटर अर्धंच वर असतं,
ती वाकून आत येते, चपला बाहेर काढून,
जणू इथं कुणी देव बसलाय.
मी बसलेलो असतो.

पिशवीत शाळेची दोनशे पानी वही.
एकतीस घरं. नाव, तारीख, फिल्टरचा नंबर,
आणि समासात तिच्या सोयीच्या खुणा :
ज्या घरात मुतखडा, तिथं बारीक गोल.
जिथला माणूस आठवड्यातून दोनदा अमरावतीला मशीनवर जातो
तिथं नुसती रेघ.

खारपाणपट्ट्यात पाणी विकायला फार बोलावं लागत नाही.
डाळ शिजत नाही, चहा फाटतो,
गुंडाच्या आत पांढरं कवच धरतं.
बाई बाईला सांगते, आणि सांगणारीचा कोड पडतो.
कोडमागे अडीचशे.
हा आकडा मीच उच्चारला होता, तिच्या ओट्यावर,
तिनं दिलेला चिवडा खात :
ताई, कंपनी काय पळून चालली का?

कंपनी पळाली नाही.
आहे तिथंच आहे, फ्लेक्सवर, नळाखाली हसणाऱ्या बाळासकट.
पहिले तीन कोड जमाही झाले. साडेसातशे.
तिनं पोरीच्या चष्म्याची काच बदलली.

मग एका शनिवारी नागपूरहून फोन.
साहेब माणूस चांगला, आधी माझ्या आईचं बीपी विचारतो.
"एजंटच्या रकान्यात थेट विक्री करून टाक,
मागच्या तारखेपासून."
मी काहून म्हटलं नाही.
पहिल्या चौकोनात दोन शब्द लिहिले,
कोपरा धरला
आणि खाली ओढला.
अठ्ठावीस घरं.
येवद्यापासून पुढं ती एप्रिलभर चालली होती, डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन.
मला स्क्रीनवर बोटभर अंतर पुरलं.
सात तारखेला पगार झाला. वेळेवर.

सात हजारांतला रुपया माझ्या खिशात नाही.
हे मी पूर्णेच्या पुलावरून जाताना मोठ्यानं म्हणून पाहिलंय.
हेल्मेटमध्ये आवाज घुमतो फक्त.

"दादा, काय झालं जी माह्या पैशायचं?"
"सिस्टीममध्ये आहे, ताई."
"मागच्या मंगळवारीबी थेच होतं सिस्टीममंदी."
ती रागावत नाही. रागावली असती तर
मलाही आवाज चढवता आला असता.
मी डेमोच्या मशीनमधून ग्लासभर पाणी देतो,
ती अर्धं पिते, अर्धं दारातल्या तुळशीला.
"बाया मले ईचारतेत, बाई तुले किती भेटले?
म्या म्हणतो, भेटले. आता तुमाले कुठी खोटं पाडू?"

म्हणजे माझं खोटं
तीही गावात फिरून विकत होती.
त्यावर कमिशन नाही.

या मंगळवारी मी जुनी फाईल काढली,
ओढण्याच्या आधीची. प्रिंट मारली.
अठ्ठावीस ओळी, प्रत्येकीपुढं बे. धांडे, बे. धांडे.
घडी करून तिच्या वहीत सरकवली, हळूच,
जशी पैसे घेणारा माणूस पैसे सरकवतो.
म्हटलं, ग्राहक मंचात दाखवा, नाहीतर कामगार ऑफिसात, कुठंही,
माझं नाव नका सांगू.

तिनं कागद उलटा केला, सुलटा केला.
बोट खालच्या कोऱ्या जागेवर ठेवलं.
"याच्यावर सही कोनाची?"

पंखा फिरत होता. बाहेर अकोट गाडी लागली,
कंडक्टर सीट सीट ओरडत होता.
मी खिशातलं पेन काढलं, झटकलं,
म्हणालो, चालत नाही हो हे.

ती गेली. चपला घालायला तिला वेळ लागला.

पाच वाजता हजेरीवर
त्याच पेननं सही केली.
ठसठशीत उमटली.